अथ खळउतारविधी

विटांची भिंत बांधायची, तिला प्लास्टर करायचं, प्लास्टरवर पुट्टी ओढायची आणि पुट्टीवर विटांचं चित्र असलेला वॉलपेपर चिकटवायचा, इथवर आमच्या दवनीवाडा गावाची प्रगती झाली आहे. मग पावसाळ्यात ओल येते, कोपरे सुटतात, कागदामागच्या पिठावर कसर पोसली जाते. शेवटी घरातला कर्ता पुरुष एका हिसक्यात सगळा कागद ओढून काढतो. कौतुक करून घ्यायचं तर त्याने याच वेळी करून घ्यावं. कागद निघालेला असतो, खळ भिंतीवरच असते.

आधी मुहूर्त. मे महिना बाद. गोंदियाच्या उन्हात भिंतीवर मारलेलं पाणी खरवडायची पट्टी हातात घेईपर्यंत वाळतं. पावसाळाही बाद, कारण तेव्हा भिजवलेलं काही वाळतच नाही. धान कापणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही. भाऊबीजेनंतर मंडईची जत्रा, दंडार आणि रात्रभराची नाटकं सुरू झाली की मिळालेला मजूर दिवसा झोपतो. उरलेल्या दिवसांपैकी कोणताही दिवस शुभ.

नंतर निदान. खळ वाळली की दिसत नाही, म्हणून ओलं बोट भिंतीवरून फिरवावं. बुळबुळीत लागलं तर खळ आहे. पुरावाच हवा असेल तर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. तपकिरी थेंब निळा-काळा झाला म्हणजे भिंतीवर स्टार्च आहे, अर्थात मैदा किंवा भात. काही तयार पावडरींत स्टार्च नसतो, तिथे बोटाचीच साक्ष ग्राह्य धरावी. फेविकॉलच्या जातीचा गोंद असेल तर साध्या पाण्याला तो सहजासहजी दाद देत नाही. गरम पाणी, व्हिनेगर आणि शेजाऱ्याचा मुलगा असं तिन्ही लागतं.

शास्त्राचाही थोडा आधार देतो. 1833 साली पायेन आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या धान्यातून स्टार्च फोडणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याच कुळातलं द्रव्य माणसाच्या लाळेत असतं. ही माहिती तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांच्या कानावर जाऊ देऊ नये. सार्वजनिक भिंतींवर त्यांचं कार्य आधीपासूनच जोरात आहे.

आता मुख्य विधी. पुरुषमाणूस प्रथम लोखंडी पट्टी घेतो आणि कोरड्या भिंतीवर तुटून पडतो. खळीबरोबर पुट्टी येते, पुट्टीमागून प्लास्टरचा पोपडा येतो आणि भिंतीवर बालाघाट जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. तेव्हा आतून आवाज येतो, “काहून खरवडून राहिला गा? भिजू दे ना!” या गावात याहून मोठा तज्ज्ञ सल्ला मिळणार नाही. गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी लागलेला भात कोणी कोरडा खरवडत नाही. पाणी ओतून बाजूला ठेवतात. खळ म्हणजे तोच भात, फक्त उभा. धानाच्या मुलखातल्या माणसाला हे सांगावं लागतं, कारण भांडी घासणारा हात आणि पट्टी धरणारा हात सहसा एका माणसाचे नसतात.

तेव्हा आधी खोलीची वीज मेन स्विचवरून बंद करावी. बादलीभर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकावेत. भिंतीचा दोन हातांएवढाच तुकडा ओला करावा आणि दहा-पंधरा मिनिटं त्याला हात लावू नये. विधीतला अवघड भाग हाच. खळ फुगून मऊ झाली की रुंद पट्टी आडवी धरून ती अलगद उचलावी, स्पंजने पुसावी आणि पाणी वारंवार बदलावं. गढूळ पाण्याने पुसलं तर खळ एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीला सारवल्यासारखं होतं.

वेळ वाचवायला कोणीतरी फवारणीचा पंप काढेलच. त्याला थांबवावं. ज्या पंपाने धानावरचा तुडतुडा मारला, तो निजायच्या खोलीत चालवू नये, कितीही धुतला असला तरी. भिंत चुन्याची किंवा छुईच्या पांढऱ्या मातीची असेल तर खळीसोबत तीही हातात येईल. ते गृहीत धरून पुन्हा पोतण्याची तयारी ठेवावी.

भिंत पुरती वाळू द्यावी आणि पुन्हा ओलं बोट फिरवावं. पेंटर म्हणेल, “मारू का रंग? वरून दिसत नाही.” मारू देऊ नये. रंगातल्या पाण्याने उरलेली खळ मऊ पडते, वाळताना आकसते आणि वरच्या रंगाला भेगा पडतात. तोवर पेंटर दुसऱ्या गावी गेलेला असतो. बोटाला बुळबुळीत लागलं नाही तरच प्रायमर.

राहिलं बादलीतलं पाणी. पेज म्हशीपुढे ठेवायची आपल्याकडे सवय आहे आणि हे पाणी दिसतं अगदी पेजेसारखं. पण कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे आणि मोरचूद विषारी. कागद चिकटवणाऱ्याने ते घातलं होतं की नाही, हे तो आता सांगणार नाही. पाणी गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब, खड्डा करून ओतावं. म्हैस मागे मागे येईल. तिला बांधून ठेवावं.