बिरडं सोलता सोलता

"अगं ए, ये की कुंपणापाशी! वाल सोलायचेत. हातही चालतील नि तोंडही."

शेजारच्या मावशींची अशी हाक आली की मी गॅस बंद करून आधी मागच्या दाराशी जाते. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, त्यांचे हे वंशज, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून अलिबागेकडच्या लोकांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. मावशींनी मात्र आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या तोंडपाठ आणि जीभ धारदार.

पावसाने जरा उघडीप दिली होती. मेंदीच्या कुंपणावरून मी परात पुढे ओढली. मोड आलेले वाल टरारून फुगले होते.

"आमचा बिरड्याचा सण आला," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे गोडधोड?"

"कसलं गोडधोड! दिवस मावळला की उपास. यरुशलेमचं मंदिर जळालं, त्याचं सुतक पाळतो आम्ही. पहिलं बाबेलच्या नबुखद्नेस्सराने जाळलं, इ.स.पू. 586 मध्ये. दुसरं रोमनांनी, इ.स. 70 मध्ये. दुसऱ्याचं राहू दे. पहिल्याच्या वेळी राजाची गादीही गेली."

"मेला तो नबुखद्नेस्सर!" मी आपलं शेजारधर्माने म्हटलं.

"त्याला कशाला शिव्या? तो शेवटी आला. वाळवी आधीच लागली होती. तुला खरं सांगू? ते राज्य वेठीने बुडालं. लोकांना फुकट राबवून."

मावशींनी वालाला चिमटा काढला, डाळिंबी टुणकन परातीत पडली.

"आमच्या लोकांना आधी राजाच नव्हता. मग हट्ट धरला, शेजाऱ्यांकडे आहे तसा आम्हालाही राजा हवा. शेजारणीकडे फ्रीज आला की आपल्यालाही हवा, तसंच. म्हाताऱ्या शमुवेलाने बजावलं होतं, की राजा तुमची पोरं रथापुढे धावडवील, पोरींना स्वयंपाकघरात जुंपील, पिकाचा दहावा हिस्सा नेईल. कोण ऐकतंय! शौल झाला, मग दावीद, मग दाविदाचा शलमोन."

"तो शहाणा राजा ना?"

"शहाणा! सातशे राण्या नि तीनशे उपपत्नी."

"बाई गं! आणि सातशे माहेरं सांभाळायची?"

"तेच तर. एवढ्यांचा शिधा कुठून यायचा? राज्याचे बारा वाटे पाडले, एकेकाने एकेक महिना राजवाड्याचं कोठार भरायचं. लबानोनचं देवदार आणायला तीस हजार माणसं वेठीला धरली. एक महिना तिकडे डोंगरात, दोन महिने घरी. मंदिर बांधायला सात वर्षं लागली. आणि स्वतःचा वाडा? तेरा!"

"देवाला सात नि स्वतःला तेरा?"

"नोंदलंय तसं, मी पदरचं सांगत नाहीये. ज्या सोरच्या हीराम राजाने लाकूड नि सोनं पुरवलं, त्याला गालीलातली वीस गावं दिली. तो बघायला आला नि नाक मुरडून गेला. लग्नात जुनं पातळ घडी घालून द्यावं, तशी गत."

मी हसले. मावशी हसल्या नाहीत, म्हणजे पुढचं महत्त्वाचं होतं.

"सुमारे इ.स.पू. 930 मध्ये शलमोन गेला. पोरगा रहबाम, वय एक्केचाळीस, म्हणजे काही कुक्कुलं बाळ नव्हे. उत्तरेकडच्या दहा वंशांनी शखेमला त्याला गाठलं. मागणं एवढंच, बापाने लादलेलं ओझं जरा हलकं कर, आम्ही तुझेच आहोत. याने तीन दिवसांची मुदत मागितली. बापाच्या वेळचे म्हातारे म्हणाले, गोड बोल, जन्मभर तुझे राहतील. बरोबरीचे टोळभैरव म्हणाले, दम दे. याला टोळभैरवांचं पटलं. भर सभेत सांगून मोकळा झाला, की बापाने लादलं त्याच्या वर मी आणखी लादीन."

"झालं!"

"अजून कुठे? लोक बिथरले तर समजूत घालायला पाठवलं कुणाला? अदोरामाला. वेठीचा मुकादम!"

"म्हणजे वसुलीवाल्यालाच समेटाला धाडलं?"

"लोकांनी दगडांनी ठेचला त्याला. राजा रथात उडी टाकून यरुशलेमला पळाला. एका दिवसात दहा वंश गेले. उरला यहूदा आणि त्याला धरून बन्यामीन. उत्तरेला यराबाम राजा झाला, आणि गंमत बघ, तोही शलमोनाच्या वेठीवरचाच एक अंमलदार. सगळं आतून माहीत असलेला माणूस."

"घरभेदी?"

"घर दुभंगलं होतंच, याला फट सापडली. रहबामाच्या पाचव्या वर्षी मिसरचा शिशक आला नि शलमोनाच्या सोन्याच्या ढालीसुद्धा घेऊन गेला. मग रहबामाने काय केलं माहितीये? पितळेच्या करून घेतल्या. मंदिरात जाताना पहारेकऱ्यांनी त्या मिरवायच्या, परत आलं की पहाऱ्याच्या खोलीत ठेवायच्या."

"एक ग्रॅमचे दागिने!" मी म्हटलं. आमच्या आळीत अशा पाटल्या कुणाच्या हातात आहेत ते आम्हा दोघींना माहीत होतं. दोघींनीही त्या घराकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वालाकडे वळलो.

"उत्तरेकडे काय झालं मग?"

"काय नाही झालं ते विचार. दोनशे वर्षांत एकोणीस राजे. एक जिम्री तर सातच दिवस. वेढा पडल्यावर वाड्याला आग लावून आत मेला. त्यानंतरचा अम्री मात्र कर्तबगार, शोमरोनची टेकडी विकत घेऊन राजधानी वसवली. त्याचा पोरगा अहाब. त्याची बायको ईजबेल, सीदोनच्या राजाची लेक."

"हे नाव ऐकलंय."

"ऐकणारच. बाई तशीच होती, पण नवराही कमी नव्हता. इज्रेलला राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. अहाबाला तिथे भाजी लावायची होती. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, विकायचं नाही. तर हा राजा तोंड फिरवून निजला, जेवेना!"

"इश्श!"

"आणि हा कोण? अश्शूरच्या राजाने इ.स.पू. 853 मधल्या करकरच्या लढाईचा लेख कोरलाय. त्यात अहाबाचे दोन हजार रथ मोजलेत. दोन हजार रथांचा धनी शेजाऱ्याच्या मळ्यासाठी उपाशी झोपला. मग ईजबेलने राजाच्या मोहरेनं पत्रं लिहिली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी मारवलं. अहाब मळा बघायला गेला, तर तिथे समोर उभा एलियाहू संदेष्टा. आम्ही ज्याच्या नावाने मलिदा करतो ना, तोच एलियाहू हन्नाबी. राजाच्या तोंडावर बोलला, खून केलास नि वर वतनही बळकावलंस?"

"म्हणजे मलिदा त्याच्या नावाचा, आणि खाल्ला राजांनी!"

मावशी आता मात्र खळखळून हसल्या. "लिहून ठेव हे, तुझ्या मासिकाला पाठव."

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "पुढे येहू नावाच्या सेनापतीने अहाबाचं सगळं घर कापून काढलं. तरी सवय जाईना. अश्शूर दाराशी आला तेव्हा मनहेम राजाने एक हजार किक्कार चांदी देऊन त्याला वाटेला लावला. पैसा पैसेवाल्यांकडून काढला, माणशी पन्नास शेकेल. पैसेवाल्यांनी तो कुणाकडून काढला असेल ते तुला सांगायला नको. शेवटच्या सहा राजांपैकी चौघांचा खून झाला. इ.स.पू. 722 मध्ये, तीन वर्षांच्या वेढ्यानंतर शोमरोन पडलं. अश्शूरच्या सर्गोनाने 27,290 माणसं नेल्याची नोंद केलीय. उत्तरेचं राज्य संपलं."

"दक्षिणेकडचे तेवढ्याने शहाणे झाले का?"

"हिज्कीया बराच शहाणा. अश्शूरचा सन्हेरीब चालून येणार म्हणून खडकातून पाचशे मीटरहून लांब भुयार खोदून पाणी गावात आणलं. इ.स.पू. 701 मध्ये गाव वाचलं त्याच्या वेळी. पण बाबेलहून पाहुणे आले, तब्येतीची चौकशी करायला म्हणून, तर पठ्ठ्याने सगळं कोठार उघडून दाखवलं. सोनं, चांदी, हत्यारं. काही म्हणजे काही झाकून ठेवलं नाही."

"अगं बाई! पाहुण्याला कुणी कपाट दाखवतं का?"

"दाखवलं ना. आता शेवटचं ऐक, अंधार पडायच्या आत. योशीया चांगला राजा, इ.स.पू. 609 मध्ये मगिद्दोला मिसरच्या राजाच्या हातून मेला. पुढे बावीस-तेवीस वर्षांत चार राजे. त्यातला यहोयाकीम, देशावर खंडणीचा बोजा, आणि हा वाडा वाढवत बसला. देवदाराचे तक्ते, हिंगुळाचा रंग. गवंड्यांना मजुरी नाही! यिर्मया संदेष्टा ते बोलला. त्याचं बोलणं लिहून आणलं, तर यहोयाकीमाने शेगडीपाशी बसून सुरीने गुंडाळी कापत कापत जाळली."

"ऐकून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तीनशे वर्षं तेच तर चाललं होतं. त्याच्या पोराला, यहोयाखीनाला, इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला धरून नेलं. अठरा वर्षांचा पोर, तीन महिने राजा. गादीवर बसवला त्याचा काका सिद्कीया. यिर्मयाला चोरून सल्ला विचारायचा, नि दरबाऱ्यांना भ्यायचा. दरबाऱ्यांनी यिर्मयाला चिखलाच्या टाक्यात सोडला, तेव्हा एका कूशी नोकराने बगलेत फाटक्या चिंध्या द्यायला लावून दोराने वर काढला. पण मला सिद्कीयाची एकच गोष्ट विसरता येत नाही."

मावशींचे हात थांबले.

"वेढा पडला होता. सगळ्यांनी मंदिरात करार केला, आपापले दास-दासी मोकळे करायचे. आपलेच भाऊबंद, कर्जापायी राबणारे. सोडले. तेवढ्यात मिसरचं सैन्य निघाल्याची बातमी आली नि बाबेलवाले वेढा उठवून गेले. यांनी काय केलं? सोडलेल्यांना धरून पुन्हा कामाला जुंपलं."

मला पटकन काही सुचलं नाही.

"बाबेलवाले परत आले. गावात भाकर संपली. तट फुटला तेव्हा सिद्कीया रात्री राजाच्या बागेजवळच्या वेशीतून पळाला. यरीहोच्या मैदानात सापडला. रिब्लाला त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले. मंदिर जळालं. मागे उरलेल्यांवर गदल्याला नेमलं, तर राजघराण्यातल्याच एकाने त्याचाही खून केला. अजून त्याच्या नावाचा उपास असतो."

"आणि तो अठरा वर्षांचा पोर?"

"यहोयाखीन? तो जगला. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्यात, कोठाराचा हिशेब. त्यात यहूदाचा राजा आणि त्याची पाच मुलं, अशी नावं आहेत. पुढे काय लिहिलंय माहितीये? किती तेल दिलं ते."

"राजा रेशनवर?"

"दाविदाच्या गादीचा धनी परक्याच्या कोठारातून तेल मोजून घेत होता. आमच्या आज्याचा घाणा होता, त्याने तेल मोजून दिलं, मोजून घ्यायची पाळी नाही आली. आणि शनिवारी घाणा बंद, कारण आमच्या आज्ञेतच आहे, त्या दिवशी तू काम करायचं नाहीस, तुझ्या चाकराने नाही नि तुझ्या बैलानेही नाही. गरीब तेल्याला हे पाळता आलं. त्या राजांना चाकराची वेठ काही सोडवली नाही. नबुखद्नेस्सर निमित्त झाला गं."

परातीत डाळिंब्या भरल्या होत्या. मावशींनी त्यातल्या दोन मुठी माझ्या पदरात टाकल्या आणि दिवस मावळायच्या आत दोन घास खायला आत गेल्या.