घराण्याचा चित्रगुप्त

पुराणांतला चित्रगुप्त यमाच्या दरबारी बसून जिवांच्या पापपुण्याची नोंद ठेवतो. मराठी मध्यमवर्गीय घराण्यातला चित्रगुप्त स्कॅनरपाशी बसून कोणाच्या मुंजीत कोण कुठल्या रांगेत उभे होते याची नोंद ठेवतो, आणि त्याच्या तावडीतून सुटणे पहिल्यापेक्षा अवघड असते, कारण त्याच्यापाशी फोटो असतो. हा गृहस्थ बहुधा बँकेतून, वीज मंडळातून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला असून नोकरीच्या काळात जावक क्रमांक टाकल्याशिवाय त्याने एकही कागद टेबलावरून हलू दिलेला नसतो. निवृत्तीचे पहिले वर्ष तीर्थयात्रा आणि रक्तातल्या साखरेच्या तपासण्या यांत सरते. दुसऱ्या वर्षी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते, आणि त्या दिवसापासून घरातले जेवणाचे टेबल जेवणासाठी उपलब्ध राहत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून वाड्यांतली दप्तरे धुंडाळली आणि त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध झाले. चित्रगुप्ताचा आदर्श हाच असतो. दप्तर द्यायला नकार देणारा मालक राजवाड्यांना परका तरी असे, येथे मात्र अल्बम न देणारी सख्खी मावशी असते. ती अल्बम दाखवते, पण घराबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे चित्रगुप्ताला तिच्याच दिवाणखान्यात, पोहे खाऊन झाल्यावर, मोबाइलने फोटोचे फोटो काढावे लागतात, आणि परिणामी मावशीच्या शाखेतील सर्व पूर्वजांच्या कपाळावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आडव्या गंधासारखा कायमचा उमटलेला दिसतो.

स्वतःच्या घरातील साहित्यावर मात्र शास्त्रोक्त संस्कार होतात. सपाट काचेचा स्कॅनर, सुती हातमोजे, धूळ झटकण्यासाठी नातवाच्या रंगपेटीतला मऊ ब्रश, आणि मुखी अखंड ‘डीपीआय’ हा मंत्र. डीपीआय म्हणजे एका इंचात यंत्र टिपत असलेल्या ठिपक्यांची संख्या: चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयने घेतला की सुमारे ८६ लाख ठिपके मिळतात. आग्फाच्या ‘क्लिक थ्री’ या खोक्यासारख्या कॅमेऱ्याने एका रोलवर जे १२ चौकोनी फोटो निघत, त्यांची मूळ आकारातली प्रत जेमतेम सहा सेंटीमीटरची असल्यामुळे तिला दुप्पट मात्रा द्यावी लागते, हे तो दूधवाल्यालाही समजावून सांगतो. याच अभ्यासात त्याला एक असे ज्ञान होते, जे तो सहसा चारचौघांत काढत नाही: एकोणिसाव्या शतकातला अल्ब्युमेन कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे, आणि त्यानंतरच्या कृष्णधवल फोटोंतले चांदीचे कण जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेल्या जिलेटीनच्या थरात बसवलेले असतात. जन्मभर सोवळे पाळलेल्या पणजीची देवघराशेजारी टांगलेली तसबीर कशावर उभी आहे, हे कळल्यानंतर तो ती पुसताना काहीसा चाचरतो.

खरी कसोटी ओळख पटवण्याची. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि पेन्सिलीने ‘चि. बाळ, वय ११ महिने’ एवढाच मजकूर असतो, आणि घराण्याच्या प्रत्येक पिढीत किमान तीन बाळ झालेले असून त्यांपैकी दोघे बाळ याच नावाने वारलेले असतात. स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट असतो, कारण माहेरी कुसुम असलेली मुलगी लग्नाच्या तांदळाच्या ताटात सरस्वती झाली, दिरांची वहिनी झाली, पुतण्यांची काकू झाली आणि अखेरीस सगळ्या आळीची माई म्हणून गेली. चित्रगुप्ताच्या तक्त्यात अशा एकाच बाईच्या पाच व्यक्ती होतात, आणि वंशावळीत आजोबांच्या वाट्याला चार जादा वहिन्या येतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात हे खरे, पण त्या वह्यांना चेहरे नसतात आणि येथे नुसतेच चेहरे असतात.

संगणक या कामी मदत करतो, म्हणजे गोंधळात भर घालतो. स्कॅन केल्याचा दिवस हाच फोटोचा दिवस, असे त्याचे साधे तर्कशास्त्र असल्याने १९४६ साली निवर्तलेले पणजोबा गेल्या मंगळवारी पगडी घालून बसलेले दिसतात. चेहरे जुळवणारी प्रणाली आजी आणि तिची न्यू जर्सीतील नात यांना एकच व्यक्ती ठरवते. आजीला हयातभर न आवडलेल्या सुनेचीच ती मुलगी असल्यामुळे हा निष्कर्ष दोन्ही पक्ष फेटाळतात.

यानंतर येते वितरण. दररोज पहाटे साडेपाच वाजता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर एक फोटो आणि त्याखाली डावीकडून उजवीकडे नावे अशी मांडणी अवतरते. फोटो कृष्णधवल असल्यास पहिल्या दहा मिनिटांत तीन भाचे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाहतात आणि चौथ्या क्रमांकाची सुमनआत्या, जी त्याच समूहात असते, ‘मी जिवंत आहे’ असे कळवते. पण विद्वानांनी लक्ष द्यावे असा वापर याच्या पुढे होतो. नातेवाईक चेहरे पाहत नाहीत. ते दोन बोटांनी फोटो ताणतात आणि गळा पाहतात. चित्रगुप्ताने इतिहासासाठी टिपलेल्या ८६ लाख ठिपक्यांतून धाकट्या काकूंना थोरल्या आजींच्या गळ्यातली ठुशी आणि हातातले गोठ स्पष्ट दिसतात, हे दागिने पुढे कोणाकडे गेले असा निरागस प्रश्न रात्री अकराला विचारला जातो, आणि सकाळपर्यंत दोन शाखा समूह सोडून गेलेल्या असतात. आक्रसलेला, धूसर फोटो पाठवण्यात किती सौहार्द दडलेले होते, हे यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक नसावे.

अलीकडे त्याला रंग भरण्याच्या यंत्रणेचाही नाद लागला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्रास वापरली गेलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म, म्हणजे निळा-हिरवा प्रकाश जाणणारी पण तांबड्याला आंधळी असलेली फिल्म, कुंकू काळे टिपत असे. यंत्रणा ते काळेच ठेवते, आणि सौभाग्यवती पणजी टिकली लावल्यासारखी आधुनिक दिसू लागते. त्याच फिल्मने विधवांचे तांबडे अलवणही काळे केले. अशा बाया मंगलकार्याच्या फोटोत बसवल्या जात नसत. तरीही एखाद्या मुंजीच्या फोटोत, मागे माजघराच्या दारात, अर्धे अंग आत आणि अर्धे बाहेर अशी एक काळी आकृती १२०० डीपीआयला उगवते. चित्रगुप्त तिच्याभोवती वर्तुळ काढून समूहावर विचारतो, ही कोण. दुपारपर्यंत कोणी बोलत नाही; मग सुमनआत्या लिहिते की ती मोठी आत्या, नऊ वर्षांची असताना घरी परतली, सगळ्यांची बाळंतपणे तिने केली, नाव मात्र आठवत नाही, तिला सगळे ‘अगं’ म्हणत. तक्त्यात नावाचा रकाना रिकामा सोडणे चित्रगुप्ताच्या स्वभावात नसल्याने तो तो फोटो रात्री पुन्हा काचेवर ठेवतो, २४०० डीपीआय लावतो, यंत्र अर्धा तास गुरगुरते, आणि पहाटे साडेपाचला नवी प्रत समूहावर पोचते. पहिला प्रतिसाद धाकट्या काकूंचा असतो: ठुशी आता अगदी स्वच्छ दिसते आहे.