डावीकडे वळताना

नागपूर ते रायपूर हा रस्ता सुमारे २९० किलोमीटरचा आणि बराचसा नाकासमोर जाणारा. गाडीला काही झालंय हे वळण येईपर्यंत कळतच नाही. एका नागपूरकर काकांची जुनी छोटी गाडी भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव अशी निमूट चालत आली. भिलाईजवळ चहासाठी ती डावीकडे वळवली आणि पुढच्या चाकातून आवाज आला : कट्-कट्-कट्.

“काहीतरी वाजून राह्यलं,” काकू म्हणाल्या.

“रस्ता वाजून राह्यला,” काका म्हणाले आणि त्यांनी रेडिओ मोठा केला. या उपायाने देशातल्या कितीतरी गाड्या आजवर तात्पुरत्या बऱ्या झाल्या आहेत.

चहानंतर रेडिओही हरला. रायपूरच्या तोंडाशी टाटीबंध लागतं. हजीऱ्याहून पारादीपकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ याच बाजूने जातो, आणि सिलतरा-उरल्याच्या लोखंडी कारखान्यांचे ट्रक रायपूरच्या रस्त्यांवर रात्रंदिवस धावत असतात. ट्रक तिथे गॅरेज, हे ओघानेच आलं. इथली बहुतेक दुकानं सोळा चाकांना सरावलेली. चारच चाकं घेऊन आलेल्या माणसाकडे तिथे जरा कनवाळूपणे पाहिलं जातं.

अशाच एका गॅरेजातल्या उस्तादांनी बॉनेट उघडलंही नाही.

“आवाज लेफ्ट टर्न में आता है?”

“हां, लेफ्ट.”

“तो राइट वाला गया.”

काकांचा चेहरा पडला. आवाज डावीकडच्या वळणावर आणि निकाल उजव्या चाकावर? नागपुरात असं बोलणाऱ्याला त्यांनी लगेच हिशेब विचारला असता. पण उस्ताद बरोबर होते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो आणि झिजलेला सांधा बहुतेकदा तिथेच ओरडतो. हा सांधा म्हणजे सीव्ही जॉइंट. चाक वळलेलं असतानाही इंजिनाची फिरकी त्याला सारख्या वेगाने पोचवायची, हे त्याचं काम. आत पोलादाच्या सहा गोळ्या, भोवती ग्रीस आणि ग्रीस सांडू नये म्हणून वर रबराचं चुणीदार आवरण. गॅरेजच्या भाषेत ‘बूट’. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि मग संगीत सुरू. चाक पुरतं वळवून पोऱ्याने आत बॅटरी मारली. बुटाला बोटभर चीर, आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसची नक्षी. वेळेवर बघितलं असतं तर काही शेकड्यांत भागलं असतं. आता अख्खा एक्सल.

सामान्य भारतीयाच्या नशिबी हे दुखणं आलं ते मारुती ८०० मुळे. १४ डिसेंबर १९८३ रोजी तिच्या पहिल्या मालकाला किल्ली मिळाली, आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी गाडी घराघरांत पोचली. त्याआधीच्या अँबॅसिडर आणि फियाट मागच्या चाकांनी ढकलल्या जायच्या. त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या, आणि कमी नव्हत्या.

“कौन सा डालूं? ओरिजिनल, कंपनी का, कि लोकल?”

ओरिजिनल आणि कंपनीचा यांत फरक काय, हे काकांनी विचारलं आणि तिथेच अर्धा तास गेला. वस्तू बनवणारा कारखाना पुष्कळदा एकच असतो. एका खोक्यावर गाडीच्या कंपनीचं नाव, दुसऱ्यावर कारखान्याचं स्वतःचं. माल सख्खा, किंमत सावत्र. लोकल म्हणजे ज्याच्या खोक्यावर कोणाचंही नाव शोधू नये असा.

फोनवर तोवर सगळं गोत जमलं. चौबे कॉलनीतल्या मावसभावाने विचारलं, “टाटीबंधला कशाला थांबलात? माझा ओळखीचा माणूस आहे.” भिलाईच्या मेहुण्यांचाही ओळखीचा माणूस होता. हे ओळखीचे मेकॅनिक गाडी दुसरीकडे उघडून झाल्यावरच आठवतात.

“एक घंटा,” उस्ताद म्हणाले. पोऱ्या जुना एक्सल नमुन्यासाठी मोपेडवर पायांत आडवा धरून निघून गेला. घंटाभरात तो येणार नाही, हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक असावं. ते काकांच्या गाडीखाली निवांत झोपलं होतं.

म्हणून काका-काकूंनी रायपूर पाहिलं. रिक्षाने जी.ई. रोडवरून महंत घासीदास संग्रहालयात गेले. १८७५ सालचं हे संग्रहालय, सिरपूरच्या कांस्यमूर्तींसाठी नावाजलेलं. आवारातच ‘गढ कलेवा’ हे छत्तीसगढी खाण्याचं ठिकाण. तिथे फरा आणि चीला झाला. अइरसा खाऊन हा आपल्या अनारशाच्याच घरातला, असा काकूंनी निर्वाळा दिला. मग बूढा तालाब. १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, लहानपणी रायपूरला आले तेव्हा इथवर रेल्वे नव्हती. शेवटचा पल्ला जंगलातून बैलगाडीने. “बैलगाडीला बूट नसतो,” काका तिथल्या विवेकानंदांच्या पुतळ्याकडे बघत म्हणाले. त्यांचं लक्ष कशात होतं ते उघड आहे.

परतल्यावर एक्सल आलेला होता. डाव्या बाजूचा. गिअरबॉक्स मधोमध नसल्याने दोन्हीकडचे एक्सल कमीजास्त लांबीचे असतात, आणि दुकानदाराने खोकं पाहिलं, नमुना नाही. मोपेड पुन्हा गेली. दुसऱ्या खेपेला बाजू बरोबर, पण टोकावरचे दाते कमी. पोऱ्याने ते नखाने दोनदा मोजले, आणि काकांनी चष्मा लावून तिसऱ्यांदा. ज्या भिलाईत १९५९ पासून भट्ट्या पेटलेल्या आहेत आणि देशाच्या रेल्वेचे रूळ घडतात, तिथून तासाभरावर एक मराठी माणूस हातभर पोलादासाठी स्टुलावर बसून होता.

तिसरी खेप बसली. उस्तादांनी मधलं नट ठोकून पक्कं केलं आणि गाडी डावीकडे गोल-गोल फिरवली. आवाज नाही.

“बिल पक्का कि कच्चा?”

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, हे काकांना तोंडपाठ होतं. त्यांनी पक्कं बिल मागितलं, आकडा पाहिला, क्षणभर देशभक्तीचा विचार केला आणि पैसे दिले. वर जुना एक्सलही मागून घेतला. कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण बदललेला पार्ट गॅरेजात सोडायचा नाही, हा घराण्याचा नियम. तो डिकीत ग्रीससकट, काकूंच्या कोसा साडीच्या पिशवीशेजारी विराजमान झाला. त्यावर जे बोलणं झालं ते मराठीत झाल्याने उस्तादांना फक्त सूर कळला.

निघताना पोऱ्या डाव्या चाकाशी वाकला.

“इसका बूट भी चटक गया है.”

“नागपूर तक?”

“हव, चल जाही,” उस्ताद म्हणाले. “बस, राइट टर्न कम मारना.”

टाटीबंधपासून आपल्या फाटकापर्यंत उजवी वळणं किती, हे काकू बोटांवर मोजायला लागल्या. पारडी नाक्यापर्यंत एका हातात भागलं. पुढे नागपूर सुरू झालं आणि दुसरा हात लागला.