शेठच्या ताटासमोर मोर

उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना गजानन महाराज शेगावात दिसले ते 1878 साली. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनात एका शेठच्या जेवणघरावरून जुंपली होती. व्हिस्लर या चित्रकाराने जहाजमालक लेलँडच्या भिंती सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त रंगवल्या आणि बिल लावलं 2000 गिनींचं. शेठने टेकवले 1000, तेही पौंड! तेव्हा गिनी 21 शिलिंगांची, पौंड 20 चा. गिनी कलावंताला, पौंड कारागिराला असा रिवाज. म्हणजे पैसे कापले ते कापले, वर पायरीही दाखवली.

व्हिस्लरने मग भिंतीवरच भांडणारे दोन मोर काढले. एकाच्या पायाशी नाणी, गळ्याशी शेठच्या सदऱ्याची झालर. दुसऱ्याला व्हिस्लरच्या पांढऱ्या बटेसारखा रुपेरी तुरा. पुढे कलावंताचं दिवाळं निघालं. शेठने मात्र भिंत पुसली नाही. 1892 साली मरेपर्यंत स्वतःच्या व्यंगचित्रासमोर जेवला. पैसे मोजलेत, मग वाया कशाला घालवा?

आपल्याकडे एवढी खटपट लागत नाही. प्रकटदिनाच्या फ्लेक्सवर महाराज कोपऱ्यात आणि सौजन्यवाले भाऊ मधोमध, हात जोडून. व्यंगचित्र तयार, तेही भाऊंच्याच खर्चाने.