पडद्याचे सार्वभौमत्व

रंगीत दूरचित्रवाणीच्या बाबतीत जगाने एकमत होऊ दिले नाही, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. अमेरिकेने १९५३ मध्ये एनटीएससी पद्धत ठरवली: ५२५ रेषा, सेकंदाला सुमारे ३० चित्रे. जर्मनांनी पाल काढली: ६२५ रेषा, २५ चित्रे. फ्रेंचांनी एनटीएससीकडे पाहून नाक मुरडले आणि सेकाम काढली. आपण १९८२ च्या एशियाडच्या मुहूर्तावर पाल पत्करली.

या दूरदृष्टीमुळेच न्यू जर्सीहून आंबेगाव तालुक्यातल्या डिंभ्याला आलेल्या बारशाच्या कॅसेटमधला नातू आजीच्या नजरेपासून सुरक्षित राहिला. व्हीसीआरमध्ये घालताच रंग उडत. पाळणा, आत्या, घुगऱ्या एकामागून एक पडद्यावरून वर सरकत निघून जात. परदेशी मालाचा ट्रक अडवताना १९३० मध्ये प्राण देणाऱ्या बाबू गेनूंचे नाव इथल्या जलाशयाला आहे. तिथे परदेशी चित्र असे सहजी आत कसे येईल?

आता एवढ्यावर न थांबता तालुकानिहाय पद्धती हव्यात. आंबेगावच्या रेषा वेगळ्या, जुन्नरच्या वेगळ्या. लग्नाची कॅसेट सासरी दिसेल, माहेरी दिसणार नाही. मानपानाचे पुरावेच उरणार नाहीत.

पण फितूर कुठे नसतात? कुणीतरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तिन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टीम संच आणलाच. कॅसेट लागली, आजी सरसावून बसली आणि वेळापत्रकाप्रमाणे भारनियमन सुरू झाले. पाल, एनटीएससी, सेकाम तिन्ही तंतोतंत सारख्या दिसू लागल्या.

जागतिक एकमत घडवण्याचे श्रेय वीजखात्याला द्यायलाच हवे.