काकांचं मशीन

जव्हार-मोखाडा पट्ट्यात लग्न ठरलं की मुहूर्ताच्या आधी शूटिंगवाल्या काकांची तारीख विचारतात. काकांचे कॅमेरे बदलत गेले, दुकानातलं मशीन मात्र तेच. तेच म्हणजे कॅबिनेट तेच. आतला बोर्ड बदलला, रॅम बदलली, एसएमपीएस तर विजेच्या लपंडावात कितीदा उडाला. तरी "नवीन घ्या की" म्हटलं, की म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढायला सांगितल्यासारखे काका बघतात. "चालतंय ना? नुसती जागा कमी पडते!"

जागा पुरणार कशी? बोहाड्याच्या उत्सवात सोंगं रात्रभर नाचतात आणि काका उजाडेपर्यंत एकही सोंग सोडत नाहीत. मिनी-डीव्हीची टेप उतरवायची तर तासाला 13 जीबी. 80 जीबीची डिस्क एका रात्रीत गारद. पुसणं काकांच्या स्वभावात नाही. मग 160 ची आणली, तर मशीन 137 वर हटून बसलं. जुन्या बायोसला त्यापुढचं मोजताच येत नव्हतं. तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी नाशिकहून डिस्क येते, कॅबिनेटचं झाकण निघतं आणि सगळी आळी बघायला जमते.

यंदा 4 टीबीची आली. काकांनी केबल खोचली, मशीन सुरू केलं. पडद्यावर 2 टीबीला मुभा, उरलेला तुकडा काळा.
"अर्धी बाद निघाली वाटतं," एक चहावाला म्हणाला.
"बाद नाही रे. एमबीआरमध्ये 2 टीबीपुढचा हिशेबच नाही. जीपीटी करायचं. पण माल भरायच्या आधी, डिस्क रिकामी असताना."
"मग विंडोजही हिच्यावरच टाका."
"जुना बायोस जीपीटीवरून विंडोज उठवत नाही. विंडोज आपल्या जुन्या डिस्कवर. ही नुसती कोठी."
जीपीटी झालं, तरी आकडा आला 3.63.
"काका, मापात मारलं तुम्हाला!"
"कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर 1024 ने. माल तेवढाच आहे."

"आणि ही डिस्क गेली तर?" माल भरून झाल्यावर काकूंनी विचारलं.
"सगळं दोनदा ठेवलंय."
"कुठे?"
"हिच्यावरच. दोन फोल्डरांत."

फोल्डरांना नावं देण्याची काकांची रीत वेगळी. वधूवरांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, घोटाळे राहतात. 'मांडव उडाला'. 'गाडी घाटात बंद'. 'जनरेटरचं डिझेल संपलं'. 'भटजी दुसऱ्याच लग्नात'. आपली कॅसेट परत हवी असेल, तर आधी आपल्या लग्नात काय बिनसलं ते सांगावं लागतं.

परवा एक जोडपं आलं. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली, मुलीला व्हिडिओ दाखवायचा होता.
"काय झालं होतं?" काकांनी माउस सरसावला.
"काही नाही. सगळं छान पार पडलं."
काकांनी माउस सोडला. "मग सापडणं कठीण आहे."
"नाही कसं?" बाई नवऱ्याकडे वळल्या. "यांच्या आत्याबाई जेवल्या नव्हत्या!"
"तुझ्या मामांनी घड्याळावरून तमाशा केला, तो विसरलीस?"
"अन् तुमचा भाऊ वरातीत..."
भांडण चांगलंच रंगलं. काका शांतपणे एकेक शब्द टाईप करत होते. 'घड्याळ'वर फोल्डर उघडला. दोन प्रती निघाल्या.