भारलाघवमीमांसा, अर्थात आडरानातील शिकाऱ्याने पाठीवर काय घ्यावे

विषयप्रवेश. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पर्वतांत दर शरदात असंख्य माणसे सॅक पाठीला लावून एल्कच्या मागावर निघतात. एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला प्राणी. शिकारी तिकडे हंगामाची वाट पाहतो ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजे तोलत. कपड्यांना शिवलेल्या चिठ्ठ्या तो कात्रीने उडवतो आणि टूथब्रशची दांडी अर्ध्यावर कापतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे. त्यामुळे प्रस्तुत ग्रंथकाराच्या निःपक्षपातीपणाची हमी खुद्द भारत सरकारने घेतली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आचार्यपरंपरा. या शास्त्राचे आद्य आचार्य जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स, टोपणनाव नेसमक. अंगाने किरकोळ आणि प्रकृतीने तोळामासा. १८८३ साली त्यांनी अ‍ॅडिराँडॅकच्या सरोवरांत फिरवलेली होडी भरत होती साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलो. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘वुडक्राफ्ट’ हा ग्रंथ निघाला. दुसऱ्या आचार्या एमा गेटवूड. अकरा मुले वाढवून झाल्यावर, १९५५ साली, सदुसष्टाव्या वर्षी या आजीबाई अपलाचियन ट्रेल चालल्या. वाट सुमारे ३,३०० किलोमीटरची. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, निवाऱ्याला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. त्या शिकारी नव्हत्या. तरीही त्यांचे नाव घेतल्यावर टायटॅनियमच्या चमच्याची किंमत सांगणारा मनुष्य काही क्षण गप्प बसतो, एवढा अधिकार त्यांना या शास्त्रात आहे.

निवाराप्रकरण. येथे दोन संप्रदाय आहेत: सतल आणि निस्तल. सतलवाद्यांच्या तंबूला बूड असते, म्हणून आत कोरडे राहते आणि उंदीर बाहेर राहतात. निस्तलवादी एकाच काठीवर उभा राहणारा शंकूच्या आकाराचा पातळ नायलॉनचा तंबू वापरतात. काठी चालताना हातात असतेच, सबब तिचे वजन हिशेबात धरू नये, असे त्यांचे शास्त्र सांगते. बूड नसल्याने चिखलाचे बूट घालूनच आत शिरता येते आणि मध्यभागी टायटॅनियमची घडीची चूल मांडता येते; तिचे धुराडेसुद्धा कागदासारखे गुंडाळून ठेवता येते. बर्फात भिजलेली पँट रात्रीतून वाळते, हा या पक्षाचा बिनतोड युक्तिवाद. यावर सतलवादी विचारतात की एकेरी कापडाच्या आतल्या बाजूस स्वतःच्याच श्वासाचे दव धरते आणि पहाटे मानेवर ठिबकते, त्याचे काय? निस्तलवादी उत्तर देतो, “चूल पेटव.” चुलीला लाकूड लागते, लाकडाला करवत लागते, आणि करवतीला वजन असते; पण एवढ्या खोलात हा वाद सहसा जात नाही.

वस्त्रप्रकरण. सुती कपडा सर्व पंथांना वर्ज्य: तो पाणी पितो, वाळत नाही आणि थंडीत अंगातली ऊब काढून घेतो. पिसांचे जाकीट वजनाला हलके आणि ऊबदार, मात्र भिजले की त्याचा गोळा होतो. मेरिनो लोकरीची बनियन कित्येक दिवस घातली तरी माणसांना फारसा वास येत नाही. एल्कला येतो. म्हणून वाऱ्याची दिशा ओळखणे हे बनियनपेक्षा मोलाचे, आणि त्याचे वजन शून्य.

सर्वांत सूक्ष्म प्रश्न रंगाचा. शिकारी भरपूर पैसे मोजून झाडपाल्याच्या नक्षीचे कपडे घेतो, जेणेकरून तो कोणाला दिसू नये. मग रायफलच्या हंगामात कोलोरॅडोचा कायदा त्याला त्यावर भडक नारिंगी किंवा गुलाबी घालायला लावतो: कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच, टोपीसह, आणि नक्षी असलेले नारिंगी चालत नाही. या विरोधाचा परिहार असा की हरणवर्गीय प्राण्यांना नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. सारांश, झाडपाला प्राण्यांसाठी आणि नारिंगी इतर शिकाऱ्यांसाठी. दोघांपैकी नेम कोणाचा धोक्याचा, हे कायद्याने ओळखले आहे.

सिद्धांत. आता मूळ आक्षेप. समजा, वरील सर्व नियम पाळून शिकाऱ्याने तंबू, चूल, कपडे आणि दुर्बीण मिळून बारा किलोंत बसवले आणि रस्त्यापासून आठ किलोमीटर आत एल्क पडला. मोठ्या नराचे वजन तीनशे किलोच्या घरात. हाडे काढली तरी खाण्याजोगे मांस नव्वदएक किलो उरते. ते रानात टाकून येणे कायद्याने गुन्हा आहे. तीस-तीस किलोंच्या तीन खेपा मांसाच्या आणि चौथी सामानाची. जाऊन-येऊन सात फेऱ्या, छप्पन्न किलोमीटर. टूथब्रशच्या दांडीत वाचले असतील पाच-सात ग्रॅम.

यावरून सिद्ध होते की भारलाघवशास्त्र हे मूलतः अपयशाचे शास्त्र आहे. ज्याचा नेम चुकला, तोच हलका परततो. किंबहुना शिकारी जितका हलका, तितका तो रस्त्यापासून दूर शिरतो. आणि जितका दूर शिरतो, तितके मांस लांबून आणावे लागते. हलक्या सामानाने भार कमी होत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

परिहार. ग्रंथकाराच्या मते आडरानातले सर्वांत हलके साधन म्हणजे मित्र. त्याचे वजन ऐंशी किलो असले तरी ते तो स्वतःच वाहतो. तंबू, चूल आणि दुर्बीण सामाईक झाल्याने दोघांचे सामान एकाच खेपेत मावते. मग चार खेपा दोघांत वाटल्या की प्रत्येकी तीन फेऱ्या, चोवीस किलोमीटर. माणशी बत्तीस किलोमीटरची ही बचत कोणत्याही टायटॅनियमला साधलेली नाही. अर्धे मांस त्याला द्यावे लागते, हा दोष खरा. परंतु तेही तो स्वतःच्याच पाठीवरून नेतो. असा मित्र निवडताना त्याच्या टूथब्रशची लांबी पाहू नये, गुडघे पाहावेत.